डॅन्यूबच्या बांधावरून

मे महिन्यातली सकाळ. सात वाजून गेलेत आणि तुम्ही व्हिएन्नातल्या राइख्सब्र्युके पुलावर, कठड्याला सायकल टेकवून उभे आहात. सायकल भाड्याची, पण दणकट. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवल्यात. त्यांत पाणी, पाव, चीज, सफरचंदं, पंक्चर काढायचं सामान आणि पासपोर्ट. खालून डॅन्यूब वाहतेय, हिरवट, जराशी गढूळ आणि वरून वाटते त्यापेक्षा बरीच वेगात. ती चाललीय तिकडेच तुम्हाला जायचंय. नदीकाठाने साठ-पासष्ट किलोमीटर गेलं की ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हाकियाची राजधानी. संध्याकाळचं जेवण तिथे.

दोन देशांच्या राजधान्या इतक्या जवळ फार थोड्या ठिकाणी सापडतात, आणि त्यांना जोडणारा सायकलचा इतका सोपा रस्ता त्याहून कमी ठिकाणी. वाटेत घाट नाही. नदी जेवढी उतरते तेवढाच उतार. सत्तरीतली जोडपी हा रस्ता एका दिवसात करतात, शाळेतली मुलं करतात. वर्षभर सायकलला हात न लावलेला माणूससुद्धा थांबत-थांबत दिवस मावळायच्या आत पोचतो.

मला तुम्हाला सांगायचंय ते या सोपेपणाबद्दलच. तो आपोआप आलेला नाही. रस्ता सपाट आहे तो माणसांनी बांध घातला म्हणून. बाजूला जंगल उभं आहे ते माणसं कडाक्याच्या थंडीत झाडांखाली झोपली म्हणून. आणि या देशातून त्या देशात तुम्ही पायडल न थांबवता जाणार आहात, त्यामागे तर चाळीस वर्षांचा हिशेब आहे. आजच्या तारखेत राहून यातलं काही दिसत नाही. म्हणून आज सायकल तीच, रस्ता तोच, पण साल बदलत राहील. तेवढी तयारी ठेवा.

पहिला धक्का इथेच, पायाखाली. १ ऑगस्ट १९७६, रविवार, पहाटेचे पाच वाजायला आलेत. तुम्ही आता काठावर आहात. समोरचा पूल, याच नावाचा जुना पूल, एकदम नदीत बसतो. एक सिटी बस तुटलेल्या तुकड्यावर पाण्यात तशीच उभी दिसते. एक माणूस या दुर्घटनेत जातो. हाच पूल कामाच्या दिवशी सकाळी आठला पडला असता तर काय झालं असतं, याचा विचार त्या दिवशी अख्खं व्हिएन्ना करतं. तुम्ही मघाशी ज्यावर उभे होतात तो नवा पूल १९८० मध्ये सुरू झाला.

पूल उतरून डाव्या काठाला लागा. उजवीकडून चालवायचं, हे मनाला दोन-तीनदा बजावा. आपला हात आपोआप डावीकडे वळतो.

आणि आता १८७३. काठ कुठे गेला? समोर नदी म्हणावी अशी एक नदी दिसत नाही. फाटे, बेटं, दलदली आणि मधूनमधून पाणी. पूर आला की डॅन्यूब आपली वाट बदलते आणि शहराच्या सखल वस्त्या बुडवते. मधोमध वाफेवरची गाळ काढायची यंत्रं धडधडताहेत, कोळशाचा धूर डोळ्यांत जातोय, आणि हजारो मजूर माती उपसताहेत. ही यंत्रं सुएझवरून आलीत. कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि तो खणणाऱ्या कंत्राटदारांना व्हिएन्नाने इथे बोलावून घेतलं. १८७० ते १८७५ या पाच वर्षांत त्यांनी नदीसाठी नवं, सरळ पात्र खणलं. ३० मे १८७५ रोजी सम्राट फ्रान्झ योझेफने त्याचं उद्घाटन केलं.

तरी पूर थांबले नाहीत. १९५४ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा शहरात शिरलं आणि मग व्हिएन्नाने मोठा निर्णय घेतला: मुख्य पात्राला समांतर आणखी एक पात्र खणायचं. १९७२ ला काम सुरू झालं, १९८८ ला संपलं. खणलेल्या मातीचं दोन पात्रांच्या मध्ये २१ किलोमीटर लांबीचं बेट झालं. आज, म्हणजे खऱ्या आजमध्ये, तुमच्या उजव्या हाताला तेच बेट आहे. त्यावर लोक धावताहेत, पोरं पाण्यात उड्या मारताहेत, कुणी शेगड्या पेटवून मांस भाजतंय. पूरनियंत्रणाचं काम लोकांना इतकं आवडावं, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पाऊण-एक तासात शहर विरळ होतं. तेलाच्या मोठमोठ्या टाक्या लागतात. हे लोबाऊचं तेलबंदर. दिवसभरातला एवढाच भाग बघण्यासारखा नाही, तेव्हा पायडल जोरात मारा. टाक्यांच्या पलीकडे, झाडीत, लोबाऊ नावाचं जुनं बेट आहे. २२ मे १८०९ च्या रात्री तुम्ही तिथे असता तर तुम्हाला चिखलात, जखमी फ्रेंच सैनिकांच्या रांगांमध्ये बसावं लागलं असतं. आस्पर्न आणि एस्लिंग या दोन खेड्यांत दोन दिवस लढाई झाली. ऑस्ट्रियन लोकांनी वरच्या अंगाने जड होड्या आणि पाणचक्क्यांचे तराफे पुराच्या पाण्यात सोडून दिले, ते नेपोलियनच्या पुलावर आदळले आणि पूल तुटला. कुमक अडकली. नेपोलियनला स्वतः मैदानात असताना मागे हटावं लागलं, असं मोठ्या लढाईत पहिल्यांदाच घडलं. त्याचा जिवलग मार्शल लान याचे पाय तोफगोळ्याने चिरडले आणि नऊ दिवसांनी तो गेला. सहा आठवड्यांनी नेपोलियन याच बेटावरून पुन्हा पार उतरला आणि वाग्रामला जिंकला. आज झाडीत काही लहान दगडी स्तंभ तेवढे आहेत. मला विचाराल तर त्यांच्यासाठी थांबायची गरज नाही. पुढे जास्त मोलाच्या जागा आहेत.

आता बांध सुरू होतो आणि इथून पुढे जवळजवळ तीस किलोमीटर तुम्ही त्याच्या माथ्यावरून किंवा कडेने जाणार आहात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला हा बांध घातला गेला, मार्खफेल्डच्या सपाट मैदानाला पुरापासून वाचवायला. डावीकडे बघा: गहू, बीट, शतावरीचे वाफे. व्हिएन्नाचं पोट या मैदानावर भरतं. उजवीकडे बघा: विलो, पॉप्लर, वेलींनी गुरफटलेली झाडं, आणि मधून चकाकणारं साचलेलं पाणी. पूर येतो तेव्हा नदी फक्त उजवीकडे पसरते. तिला तिची जागा, शेतकऱ्याला त्याची. मधल्या डांबरी पट्टीवरून तुम्ही.

इथे एकदा सायकल आडवी टाकून बांधाच्या उतारावर उकिडवे बसा. गवत गुडघाभर, आणि त्यात मान वर काढून उभी असलेली रानटी ऑर्किडं. एवढ्या रुक्ष मातीत ती कशी, असा प्रश्न पडतो, आणि उत्तर रुक्षपणातच आहे. बांध ढासळू नये म्हणून त्याच्यावरचं गवत नेमाने कापतात आणि कापलेलं तिथे पडू न देता उचलून नेतात. त्यामुळे माती कधी सकस होत नाही, दांडगं तण माजत नाही, आणि नाजूक झाडाला जागा मिळते. शंभर वर्षांच्या कापणीतून तयार झालेली ही बाग आहे.

उतार उतरून पाण्याजवळ गेलात तर एखादं पडलेलं झाड दिसेल. बुंध्यावर हात फिरवा. दोन-दोन समांतर खाचा सगळीकडे, आणि खाली पिवळसर ढलप्यांचा ढीग. हे बीव्हरचं काम. हा प्राणी इथून शिकारीमुळे नाहीसा झाला होता, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा आणून सोडला. आता तो रुळलाय. खंड्या आहे, करकोचे आहेत, पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड या शतकात पुन्हा घरटी करू लागलाय. डासही आहेत. संध्याकाळी या झाडीत थांबू नये.

दुपारी ऑर्टला पोटपूजा करा. गावात चार बुरुजांचा जुना गढीवजा किल्ला आहे, त्यात राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र. तिथून पुढे थोडं आत वळलं की एकार्ट्साऊचा महाल.

१३ नोव्हेंबर १९१८. बाहेर धुकं. महालात लाकूड जपून जाळताहेत. सम्राट कार्ल, वय एकतीस, दोनच दिवसांपूर्वी ऑस्ट्रियाच्या कारभारातून बाजूला होऊन बायकामुलांसह इथे आलाय. एरवी हे शिकारीला येऊन राहायचं घर. आज हंगेरीहून काही मोठी माणसं आलीत आणि तो त्यांच्यासमोर तसंच एक निवेदन हंगेरीसाठी सही करून देतो. पुढच्या मार्चमध्ये एका रात्री तो जवळच्या लहानशा स्टेशनवरून गाडीत बसेल आणि देश सोडेल. साडेसहाशे वर्षांच्या हाब्सबुर्ग सत्तेचा शेवट असा एका आडबाजूच्या घरात झाला. पण आपल्या प्रवासाच्या दृष्टीने त्या सहीचा अर्थ वेगळा आहे. तोवर व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा (तेव्हाचं प्रेसबुर्ग) एकाच राजाच्या मुलखात होती. १९१४ मध्ये दोन्ही शहरांच्या मध्ये विजेची रेल्वे सुरू झाली होती. लोक भाजी घेऊन, नाटक बघायला त्या गाडीने जात-येत. सही झाली आणि तुमच्या रस्त्यावर परक्या देशाची सीमा उमटली. अजून ती फक्त नकाशावर होती. तारा यायला वेळ होता.

श्टॉप्फेनरॉइटजवळ दूरवर एका उंच पुलाचे खांब आणि तिरप्या केबल दिसू लागतात. पण लगेच पुलाकडे वळू नका. बांध सोडून उजवीकडे जंगलात उतरा. स्वेटर चढवा.

डिसेंबर १९८४. पायाखाली बर्फ, श्वासाची वाफ, ओले मोजे. तुम्ही गवताच्या पेंढ्यांवर बसलाय, वर ताडपत्री, समोर शेकोटी. कुणीतरी थर्मासमधला चहा तुमच्या हातात देतं. आजूबाजूला हजारो माणसं आहेत: विद्यार्थी, शेतकरी, म्हाताऱ्या, डॉक्टर, शिकारी, आयुष्यात कधी मोर्चात न गेलेले नोकरदार. वाटांवर फांद्यांचे आणि ओंडक्यांचे अडथळे रचलेत. इथे हाइनबुर्गचं जलविद्युत धरण होणार आहे आणि त्यासाठी हे जंगल तोडायचं ठरलंय.

मागची गोष्ट समजून घ्या. ऑस्ट्रियाने त्स्वेन्टेनडॉर्फला अणुवीज केंद्र बांधून पूर्ण केलं होतं. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते चालू करायचं की नाही यावर लोकांनी मतदान केलं आणि ५०.४७ टक्के लोकांनी नको म्हटलं. केंद्र कधीच सुरू झालं नाही. मग वीज आणायची कुठून, तर डॅन्यूबमधून. ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबवर धरणांची साखळी आधीच झाली होती. मोकळी वाहणारी नदी उरली होती ती वाखाऊ खोऱ्यात आणि इथे, व्हिएन्नाच्या पूर्वेला. सरकारच्या बाजूने कामगार संघटना होत्या, आणि त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. त्यांना काम हवं होतं. त्यांना बाजूला सारून ही गोष्ट सांगणं मला पटत नाही.

याच वर्षीच्या मे महिन्यात काही पुढारी आणि लेखक प्राण्यांची सोंगं घेऊन पत्रकारांसमोर बसले होते. ग्युन्टर नेनिंग नावाचा पत्रकार डोक्यावर शिंगं लावून लाल सांबर झाला होता. वर्तमानपत्रांनी फोटो छापले आणि हाइनबुर्गचं नाव घरोघरी गेलं. वर्तनशास्त्रज्ञ आणि नोबेल विजेते कोनराड लोरेन्झ यांनी, वयाच्या ऐंशीनंतर, लोकयाचिकेला आपलं नाव दिलं. चित्रकार हुंडर्टवासर जंगलात येऊन राहिला. ८ डिसेंबरला चहूकडून लोक चालत इथे जमले, आणि सभा संपल्यावर त्यांतले बरेच घरी गेलेच नाहीत.

आता १९ तारीख, सकाळ. शिरस्त्राणं घातलेले पोलीस झाडांमधून येताना दिसतात. तुमच्या शेजारची बाई तुमच्या कोपरात कोपर अडकवते. पलीकडे एक शिक्षक, त्याच्या पलीकडे एक पोरगी; सगळे मिळून एका झाडाभोवती कडं. लाठ्या चालतात. लोकांना ओढून, फरपटत बाहेर नेतात, ते दुसरीकडून पुन्हा आत येतात. करवतींचा आवाज ऐकू येतो, झाड पडल्याचा धप्प आवाज ऐकू येतो. रक्त आलेली डोकी टीव्हीवर दिसतात आणि त्याच संध्याकाळी व्हिएन्नात सुमारे चाळीस हजार लोक रस्त्यावर उतरतात. तीन दिवसांनी चॅन्सेलर फ्रेड सिनोवात्स नाताळापुरतं काम थांबवल्याचं जाहीर करतात. जानेवारीत वरच्या न्यायालयाने तोड थांबवली. काम पुन्हा सुरू झालं नाही. २७ ऑक्टोबर १९९६ रोजी हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. आज त्याचं क्षेत्र ९,३०० हेक्टरांहून जास्त आहे.

सिनोवात्स यांना त्या काळी दुबळं म्हणणारे होते. सत्तेत असताना माघार घ्यायला जी हिंमत लागते ती मला पुढे रेटण्याच्या हिमतीपेक्षा मोठी वाटते. आणि वीज नको असं इथल्या कुणी म्हटलं नव्हतं. १९९१ मध्ये व्हिएन्नातल्या लोकांनी मतदान करून शहरातच, फ्रॉइडेनाऊला, धरणाला हो म्हटलं. विचारून केलं तर लोक हो म्हणतात.

मराठी माणसाला या जंगलात नर्मदा आठवतेच. १९८५ नंतरच्या वर्षांत मणिबेलीपासून वरच्या गावागावांत माणसं अशीच हातात हात घालून बसली, चढत्या पाण्यात उभी राहिली. तिथे धरण झालं, गावं गेली. दोन्हीकडच्या लोकांच्या धैर्यात काही उणं-अधिक नव्हतं. फरक पडला तो ऐकणाऱ्यांमध्ये.

डोळे पुसा, पुन्हा मे महिना आहे. बेडूक ओरडताहेत. बांधावर या आणि पूल चढा. दिवसातला हाच काय तो चढ. हा पूल १९७२ चा. मध्यावर थांबलात तर खाली मोकळी नदी दिसते: गोट्यांची बेटं, त्यांना वळसा घालणारं पाणी, पाण्यात पडलेले आणि पडूच दिलेले वृक्ष.

पलीकडच्या काठावर उतरलात की तुम्ही रोममध्ये आहात. अतिशयोक्ती करत नाही. इसवी सन १७२ च्या सुमाराला हा काठ म्हणजे साम्राज्याची शेवटची रेघ, आणि तुम्ही आत्ताच ती पलीकडच्या रानटी मानलेल्या बाजूने ओलांडलीत, तेव्हा पहारेकरी तुम्हाला अडवणारच. इथलं कार्नुन्टुम हे लष्करी ठाणं आणि शहर. सम्राट मार्कस ऑरेलियस मार्कोमानी आणि क्वाडी टोळ्यांशी लढण्यासाठी इथे मुक्कामाला आहे आणि रात्री तंबूत स्वतःसाठी काही लिहितो. त्याच्या चिंतनांच्या पुस्तकातल्या एका भागावर कार्नुन्टुमचं नाव आहे. १९३ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरसला सैन्याने सम्राट म्हणून पुकारलं तेही इथेच. आज शेतात खेळांचं मैदान, भिंतींचे पाये आणि एक मोठी कमान उभी आहे. नदीला सीमा करायचा मोह किती जुना आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

हाइनबुर्गमध्ये कॉफी घ्या. १७३८ च्या सुमाराला सहा वर्षांचा योझेफ हायडन आपलं रोहराऊ गाव सोडून या गावात शिकायला आला; इथे त्याला पहिल्यांदा नीट संगीत शिकायला मिळालं. नदीकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत जुलै १६८३ मध्ये, व्हिएन्नाला वेढा घालायला निघालेल्या तुर्की फौजेपासून पळणारे गावकरी अडकले आणि मारले गेले. गल्ली अजून आहे. लोक तिथे कपडे वाळत घालतात.

इथून पुढचे पंधरा किलोमीटर सावकाश चालवा. वोल्फ्सटालकडे जाणारा रस्ता छान आहे, दोन्ही बाजूंना शेतं, आणि म्हणूनच सांगायला हवं की २९ मार्च १९४५ च्या रात्री तुम्ही या रस्त्यावर असता तर काय दिसलं असतं. पेत्रझाल्का हा ब्रातिस्लाव्हाचा उजव्या काठावरचा भाग १९३८ मध्ये जर्मनीने गिळला आणि त्याला एंगेराऊ नाव दिलं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिथे हंगेरीच्या ज्यू लोकांना खंदक खणायला आणलं होतं. रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा त्यांना तुमच्या उलट दिशेने, बाड डॉइच-आल्टेनबुर्गपर्यंत चालवत नेलं. जो मागे पडला त्याला गोळी. या एका रात्रीत शंभराहून जास्त माणसं मेली. ऑगस्ट १९४५ मध्ये, युद्ध संपून चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, व्हिएन्नातल्या लोकन्यायालयाने नाझी गुन्ह्यांचा आपला पहिला खटला चालवला तो याच एंगेराऊच्या छावणीचा. दहा-बारा मिनिटं न बोलता चालवा. काही करण्यासारखं नाही, पण तेवढं करता येतं.

वोल्फ्सटालला रेल्वे संपते. १९१४ ची ती गाडी एके काळी पुढे ब्रातिस्लाव्हात जायची, आता नाही. बेर्ग गाव ओलांडा.

१९८०. थांबा, पुढे जाता येणार नाही. शेत संपतं तिथे तारेचं कुंपण, त्यामागे दुसरं, तारांना हात लागला तर चौकीत इशारा जातो. मधे मोकळ्या जमिनीचा पट्टा. त्याच्याकडे नीट बघा: माती बारीक करून, दंताळ्याने सारखी केलेली, रेघा अजून ताज्या. काही पेरायचं नाहीये. कुणाचं पाऊल उमटलं तर दिसावं म्हणून ती अशी ठेवलीय. रोज कुणीतरी वीस-बावीस वर्षांचा सैनिक पोरगा ती सारखी करत असेल. पलीकडे पेत्रझाल्काच्या नव्या सिमेंटच्या इमारती. त्यांच्या बाल्कन्यांतून लोकांना ऑस्ट्रियाची शेतं दिसतात आणि घरात ऑस्ट्रियाचा टीव्ही लागतो. इतक्या जवळ आणि जाता येत नाही. ज्यांनी प्रयत्न केला, नदी पोहून, तारा कापून, त्यांतल्या बऱ्याच जणांना गोळ्या लागल्या. डॅन्यूब आणि मोराव्हा यांच्या संगमावर देवीनच्या किल्ल्याखाली आज त्यांचं स्मारक आहे. तो किल्ला १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी उडवला होता. त्याच्या पायथ्याशी चाळीस वर्षं हे कुंपण होतं.

आणि आता १० डिसेंबर १९८९, रविवार. सायकलवरून उतरा आणि कडेला व्हा, कारण समोरून माणसं येताहेत. ब्रातिस्लाव्हाहून हाइनबुर्गकडे, तुमच्या तोंडावर, रस्ता भरून. एक लाखाच्या वर लोक आहेत. खांद्यावर पोरं, हातात झेंडे, ढकलगाड्यांत म्हाताऱ्या. पंढरपूरच्या वाटेवरची गर्दी बघितलेल्या माणसाला या चालण्याची लय लगेच ओळखू येईल. नोव्हेंबरात चेकोस्लोव्हाकियाची कम्युनिस्ट राजवट डळमळली, ४ डिसेंबरपासून बाहेर जायची परवानगी लागेनाशी झाली, आणि आज युरोपला नमस्कार करायला लोक नुसते चालत निघालेत. त्याच दिवशी प्राग शहरात राष्ट्राध्यक्ष हुसाक नव्या सरकारला शपथ देऊन पायउतार होत आहेत.

साठीतला एक माणूस तुमच्याजवळ थांबतो. दम लागलाय. तो सायकलच्या हँडलला हात लावून उभा राहतो, मागे वळून आपल्या शहराकडे बघतो. इतकी वर्षं त्याने हे शेत बाल्कनीतून पाहिलं, आपलं शहर या बाजूने कसं दिसतं ते त्याला आज पहिल्यांदा कळतंय. त्याला जर्मन मोडकं-तोडकं येतं, तुम्हाला स्लोव्हाक येत नाही. तो मान हलवतो आणि पुढे चालू लागतो. देवीनच्या खालच्या कुरणात कापलेल्या काटेरी तारेचं एक हृदय उभं केलंय.

गर्दी ओसरली की सायकलवर बसा. सीमा कुठे गेली ते कळणारही नाही. एक पाटी, रस्त्याच्या डांबराचा बदललेला रंग, शेतात १९३० च्या दशकातले काँक्रीटचे बंकर. स्लोव्हाकिया १९९३ मध्ये वेगळा देश झाला, १ मे २००४ रोजी युरोपीय संघात आला, आणि २१ डिसेंबर २००७ रोजी या रस्त्यावरची पासपोर्टची चौकी उठली. पेत्रझाल्काच्या इमारतींमधून सायकलची वाट तुम्हाला नदीवर आणते. १९७२ चा पूल समोर, त्याच्या एकाच खांबावर उंच टांगलेलं गोल उपाहारगृह. या पुलासाठी पलीकडचा जुना ज्यू मोहल्ला आणि तिथलं सिनेगॉग पाडलं होतं. तेही मनात असू द्या. सायकली पुलाच्या खालच्या बाजूने जातात. पलीकडे सेंट मार्टिनचं चर्च, जिथे १५६३ ते १८३० हंगेरीच्या राजा-राण्यांना मुकुट घातले गेले. त्याच्या मागच्या गल्ल्यांत जेवण मिळेल.

जाणार असाल तर एप्रिलअखेर ते ऑक्टोबर जा. व्हिएन्नाहून निघा, कारण वारा बहुतेक पश्चिमेचा असतो आणि पाठीवर राहतो. नदीला पूर असेल तर दिवस बदला. डासांचं मलम घ्या. परतीला सायकलसकट रेल्वे आहे, तासाभरात व्हिएन्ना. श्टॉप्फेनरॉइटला मात्र घाई करू नका, बांध सोडून जंगलात उतरा आणि तिथल्या एखाद्या जुन्या झाडाला टेकून आपला पाव खा. सीमेवर अधूनमधून तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट जवळ असू द्या. दोन्ही राजधान्यांना एकच शेंगेन व्हिसा पुरतो.